भाड्याच्या घरातली ओल आणि दर वेळी रंगारी पाठवणारे घरमालक

तक्रार अशी असते: छताला किंवा भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात. मालकांना फोन केला की ते माणूस पाठवतात. माणूस खरवडतो, पुट्टी भरतो, रंग मारतो आणि पैसे घेऊन जातो. तीन आठवडे, फार तर तीन महिने भिंत नव्यासारखी. मग एका सकाळी त्याच जागी, चहाचा कप ठेवल्यावर उमटते तशी पिवळट कडा दिसते. पुन्हा फोन. या वेळी मालकांचा आवाज जरा चढलेला असतो: "अहो, आत्ताच तर करून दिलं!"

कोथरूडमधल्या एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही हे दोन वर्षांत तीनदा भोगलं. इमारत १९९४ ची, मालक नाशिकला. चौथ्या वेळी गळती थांबली, आणि त्याचं कारण एवढंच की माणूस बोलावण्याआधी पाणी कुठून येतंय ते आम्ही घरबसल्या शोधून काढलं होतं. प्लंबरही चांगला मिळाला, पण तो नंतर. तोच क्रम इथे लिहिते आहे.

तीन दुरुस्त्या, तिन्ही वाया

पहिली ऑगस्टमध्ये. पॅसेजच्या छताला, बाथरूमच्या दारासमोर, ताटाएवढा डाग होता. रंगाऱ्याने ओला गिलावा पत्र्याने खरवडला आणि त्यावरच पुट्टी ओढली. मी म्हटलं, "दादा, अजून ओलं आहे ना ते?" तर म्हणाला, "पंख्याने सुकतं ताई." सप्टेंबर संपायच्या आत त्या पुट्टीचा पापुद्रा माझ्या मुलीच्या शाळेच्या बुटात पडला.

दुसरी वरच्या घरात. मालकांनी वरच्या काकूंशी फोनवर वाद घातला, मग काकूंनी एका केमिकलवाल्याला बोलावलं. त्याने बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं, वरून डब्यातलं दुधासारखं काहीतरी ओतलं आणि दहा वर्षांची गॅरंटी दिली. तोंडी. डाग थोडा आक्रसला, पण गेला नाही.

तिसरी बाहेरून. सोसायटीने दोरावर माणूस सोडून डक्टमधल्या भेगा भरून घेतल्या. कामात खोट नव्हती, पण आमच्या डागाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

दरम्यान बेडरूमची भिंत, म्हणजे आमच्याच बाथरूमची पलीकडची बाजू, गुडघ्याच्या उंचीवर लोणा धरायला लागली. पांढरी भुकटी, बोट फिरवलं की मिठासारखी गळणारी. मालक म्हणायचे, वरच्यांचंच पाणी उतरतंय. वरच्या काकू म्हणायच्या, तुमच्याच बाथरूमचं आहे, मला कशाला दोष देता? पुढे कळलं की दोघंही खरं बोलत होते. गळत्या दोन होत्या आणि आम्ही सगळे त्यांना एक समजून भांडत होतो.

रंगाऱ्याच्या आधी पेन्सिल

भाड्याच्या फ्लॅटमधली ओल बहुतेक वेळा चारपैकी एका ठिकाणाहून येते: पावसाचं पाणी (गच्ची, बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा), वरच्यांचं किंवा आपलं सांडपाणी, टाकीच्या दाबाखाली कायम भरलेली पाण्याची लाईन, किंवा नुसता दमटपणा. चौघांची वागणूक वेगळी. ती ओळखायला पहिल्यांदा लागते ती पेन्सिल.

डागाच्या कडेने बारीक रेघ मारा आणि रेघेवर तारीख लिहा. चार दिवसांनी डाग पसरला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. आक्रसला असेल तर आतून रेघ, तिच्यावरही तारीख. प्रत्येक वेळी एकाच जागी उभं राहून फोटो. डागाशेजारी पट्टी धरली तर आणखी चांगलं. महिनाभरात भिंतीवर नकाशासारख्या रेषा तयार होतात, आणि त्यांच्यापुढे "मला तर तेवढाच दिसतोय" असं कुणाला म्हणता येत नाही.

सोबत वहीत तीन गोष्टी: पाऊस होता का, वरचे लोक घरी होते का, त्या दिवशी पाणी बंद होतं का.

पावसाळ्यात वाढणारी आणि डिसेंबरात ठणठणीत कोरडी होणारी ओल बाहेरून येते. आमची मार्चमध्येही तशीच होती, त्यामुळे डक्टच्या भेगा बुजवून काही होणार नाही हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. वही आधी सुरू केली असती तर सोसायटीचे पैसे वाचले असते.

मग मे महिन्यात वरचे लोक १२ दिवस लेकीकडे गेले. सहाव्या दिवशी पॅसेजच्या छताचा डाग आतल्या रेघेपर्यंत मागे सरला, दहाव्या दिवशी हाताला कोरडा लागला. ते परतल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा ओला. म्हणजे तो त्यांच्या वापराच्या पाण्याचा. बेडरूमच्या भिंतीवरची रेघ मात्र त्या १२ दिवसांत तसूभरही हलली नाही.

ही तपासणी फुकट आहे, फक्त वाट बघावी लागते. कोणी गावाला जाण्याची वाट बघणं शक्य नसेल तर खालच्या गोष्टी करा.

*फॉइलची युक्ती.* डब्यात पोळी गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल वीतभर कापा, ओलसर भागावर ठेवून चारी कडा टेपने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दव असेल तर दमटपणा खोलीतल्या हवेचा: खिडक्या बंद, घरात कपडे वाळत घातलेले, कपाट भिंतीला चिकटून. मालकांना फोन करण्यात अर्थ नाही, कपाट चार बोटं पुढे ओढा. फॉइलच्या मागे, भिंतीकडून पाणी आलं असेल तर ते भिंतीतूनच येतंय.

*रंगाचं पाणी.* वरच्या घरी जाऊन (आधी विचारून, आणि शक्यतो काहीतरी गोडधोड घेऊन) त्यांच्या बाथरूमच्या नहाणीत, म्हणजे प्लंबर ज्याला नानी ट्रॅप म्हणतात तिच्यात, खाण्याचा केशरी रंग कालवलेलं बादलीभर पाणी सोडा. मग खाली लक्ष ठेवा. रंग खाली उतरला तर प्रश्नच मिटला. पण उतरला नाही म्हणून वरचं बाथरूम निर्दोष ठरत नाही. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात पाइप टाकून विटांचे तुकडे भरतात आणि वर कोबा करतात. त्या तुकड्यांतून पाणी गाळल्यासारखं उतरतं, रंग वरच राहतो आणि खाली येतं ते साधं पाणी.

*पाणी साठवून बघणं.* नहाणीच्या तोंडात ओलं फडकं गच्च कोंबा आणि फरशीवर इंचभर पाणी भरा. २४ तास ठेवा, वापर बंद. पाण्याची पातळी भिंतीवर खुणेने नोंदवा. पातळी उतरली आणि खालचा डाग पसरला तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं. पातळी जिथल्या तिथे राहिली, पण फडकं काढून पाणी सोडल्यावर डाग वाढला, तर दोष नहाणीच्या किंवा पाइपच्या जोडात. आमच्याकडे नेमकं हेच झालं. केमिकलवाल्याने फरशी बुजवली होती, गळत होता खालचा जोड. त्याच्या कामाने डाग किंचित आक्रसला तो सांध्यांतून जाणारं थोडंफार पाणी थांबलं म्हणून.

बेडरूमच्या भिंतीचं उत्तर मात्र योगायोगाने मिळालं. एका सकाळी आंघोळ करून आल्यावर मी भिंतीची भुकटी पुसत होते, तर भिंत कोमट लागली. रोज पुसायचे ती संध्याकाळी, तेव्हा ती थंडच असायची. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आंघोळीला पाठवून मी हात लावून बसले. गिझर चालू झाल्यावर दहाएक मिनिटांत भिंतीचा तो भाग गरम पोळीच्या डब्याच्या झाकणासारखा झाला. गरम पाण्याची लाईन, दुसरं काय!

थंड पाण्याच्या लाईनला अशी खूण मिळत नाही. तिथे प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्यावी. हाताने दाबायचा छोटा पंप असतो, त्याला काटा असतो. लाईनची तोंडं बंद करून दाब भरतात आणि काटा बघत बसतात. काटा खाली घसरला तर लाईन गळते, स्थिर राहिला तर नाही. तपासणीला फोडाफोड लागत नाही आणि अर्ध्या तासात होते. पंप नसलेला प्लंबर "फोडून बघावं लागेल" म्हणतो. त्याला चहा पाजून परत पाठवा.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी. ओल ट्यूबलाइट, पंख्याचा हुक किंवा स्विचबोर्डाजवळ असेल तर वही-पेन्सिल बाजूला ठेवा. त्या भागाचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) आहे का तेही विचारा. असेल तर तिच्यावरचं चाचणीचं बटण दाबून ती पडते का ते बघा. आणि छताचा नुसता रंग न जाता काँक्रीटचा तुकडा पडून आतली गंजलेली सळई दिसत असेल, तर तो रंगाऱ्याचा प्रश्नच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सळई फुगते आणि आणखी काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर पुट्टी म्हणजे गळूवर पावडर. तिथे स्ट्रक्चरल इंजिनीअर लागतो, आणि ते काम सोसायटीच्या गळ्यात घालायचं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. शेवटचं कधी झालं, हा प्रश्न सेक्रेटरींना विचारून बघा.

भिंतीच्या आत काय निघालं

प्लंबर कर्वे रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने सुचवलेला. त्याने आमच्या बाथरूमची दोनच टाइल्स काढल्या. आत जुनी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची लाईन, तिचा एल्बो (वळणावरचा जोड) गंजलेला, आणि एल्बोभोवती एम-सीलचा लाडवाएवढा गोळा. आमच्या आधीच्या कुठल्यातरी भाडेकरूच्या काळात कोणीतरी भिंत फोडली होती, गळती पाहिली होती आणि एल्बो बदलण्याऐवजी गोळा थापून टाइल परत लावली होती. प्लंबरने तो गोळा हातोडीने सोडवला आणि माझ्या हातावर ठेवला. "हे बघा ताई, पाच वर्षं तरी झाली याला." पाच की तीन कोण जाणे, पण टाइल वेगळ्या छटेची का होती याचा उलगडा झाला.

वर काकूंकडे नानी ट्रॅप आणि पाइप यांच्या जोडात सिमेंट भरलेलं निघालं. पाइप प्लास्टिकचा, ट्रॅप बिडाचा, दोन्ही वेगवेगळ्या मापाचे, मधली फट सिमेंटने लिंपलेली. सिमेंटला भेग पडली आणि पाणी खालच्या विटांच्या तुकड्यांत.

यावरून कच्ची दुरुस्ती होत असतानाच ओळखायच्या काही खुणा माझ्या डोक्यात बसल्या आहेत. आलेला माणूस डाग सोडून दुसरीकडे कुठेच बघत नाही. पाणी बंद करायला सांगत नाही. फोडण्याआधी टाइल ठोकून पोकळ आवाज येतो का ते बघत नाही. जोड बदलण्याऐवजी जोडाला बाहेरून काहीतरी लावतो. काम झाल्यावर पाणी सोडून थांबत नाही, लगेच सिमेंट कालवतो. शेवटची सर्वांत वाईट. नवा जोड उघडा असतानाच लाईनमध्ये पाणी सोडा, गरम-गार पाण्याचा मिक्सर नळ चालू-बंद करा, तासभर कोरड्या टिश्यू पेपरने जोड पुसत राहा. टिश्यूला ओलावा नसेल तरच टाइल लावू द्या. प्लंबर घाईत असतो, त्याला पुढचं गिऱ्हाईक असतं, तो कुरकुर करेल. करू दे. आणि फोडलेल्या भिंतीचे, नव्या जोडाचे फोटो तुमच्याच मोबाइलमध्ये काढा. पुढच्या वेळी कुठे फोडायचं ते ठाऊक असतं.

मालकांशी कसं बोलायचं

आधी माझी चूक सांगते. पहिले आठ महिने मी फोनवर तक्रार करत होते. फोनवर मालक "बघतो, माणूस पाठवतो" म्हणतात आणि ते खरोखर माणूस पाठवतातही. नाशिकला बसून त्यांना ओल दिसत नाही, दिसतो तो खर्च आणि माझा वैतागलेला आवाज. त्यांच्या दृष्टीने त्यांनी दोनदा पैसे घातलेत आणि बाई अजून समाधानी नाही. इतकी वर्षं कोणी तक्रार केली नाही, हे वाक्य तिथूनच येतं. (तक्रार झाली होती. एम-सीलचा गोळा साक्षीला आहे.)

शेवटी कामी आलेला निरोप हा, व्हॉट्सअॅपवर, फोटोंसकट:

"काका, नमस्कार. घरात ओल दोन ठिकाणी आहे आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पॅसेजच्या छताची ओल वरचे लोक १२ दिवस नव्हते तेव्हा वाळली, ते आल्यावर चौथ्या दिवशी परत आली. ती त्यांच्या सांडपाण्याची. बेडरूमच्या भिंतीची ओल त्या १२ दिवसांतही तशीच होती आणि गिझर लावला की तिथे भिंत कोमट लागते. ती आपल्या गरम पाण्याच्या लाईनची. तारखा टाकलेले फोटो सोबत आहेत. प्लंबर शनिवारी प्रेशर टेस्ट करून देईल, ६०० रुपये म्हणतो. बोलावू का? रंगावर सध्या काही खर्च करू नका, वाया जाईल."

उत्तर वीस मिनिटांत आलं. माझी खात्री आहे की ते शेवटच्या वाक्यामुळे आलं. दोन वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी खर्च करू नका म्हणत होतं.

निरोप लिहिताना सभ्य राहा, पण मोघम राहू नका. "लवकरात लवकर बघा" याला उत्तर देता येत नाही, "शनिवारी बोलावू का" याला द्यावं लागतं. एका निरोपात एकच निर्णय मागा. तोंडी हो म्हणाले तर त्याच दिवशी "काका, आपलं ठरलं त्याप्रमाणे..." असा निरोप टाका आणि किती रुपयांपर्यंतच्या कामाला हो म्हणाले ते त्यात लिहा.

वरच्यांशी वाकडं घेऊ नका. आमच्या काकू मालकांवर भडकल्या होत्या, आमच्यावर नाही. पातळीची खूण त्यांच्याच बाथरूममध्ये त्यांच्याच डोळ्यांदेखत केली, त्यामुळे वादाला जागा राहिली नाही. आदर्श उपविधींचा हिशेब साधारण असा आहे: गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून येणारं पाणी सोसायटीच्या खर्चाने, संडास-बाथरूम-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकाचा. सोसायटीला पत्र द्यायची वेळ आली तर ते मालकांच्या नावाने द्या. भाडेकरू सभासद नसतो, त्याच्या पत्राला सेक्रेटरी "मालकांना सांगा" एवढंच म्हणतात. पत्र तुम्हीच लिहा, मालकांना फक्त सही करायला किंवा त्यांच्या ईमेलवरून पाठवायला सांगा. लिहून दिलेल्या पत्रावर सही करायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

काहीच हलत नसेल तर

इथे एक घोळ आधी सोडवायला हवा, कारण अर्धवट सल्ले फार फिरतात. "दुरुस्ती स्वतः करा आणि भाड्यातून कापा" हा त्यातला नेहमीचा.

त्याला आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, भाडेकरूने काही वेगळं मान्य केलेलं नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण तिथला भाडेकरू म्हणजे त्या कायद्याच्या अर्थाने भाडेकरू, जसे जुन्या पागडीच्या घरांतले लोक. आपण बहुतेक जण ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. कागदावर आपण भाडेकरू नसून परवानाधारक असतो आणि आपल्याला मुख्यतः करारातल्या अटी लागू होतात. म्हणून या कलमाच्या भरवशावर परस्पर भाडं कापू नका, थांबवू तर मुळीच नका. पैसे न देणं हा करार मोडल्याचा सरळ पुरावा होतो आणि ओलीचा मुद्दा मागे पडतो.

त्याऐवजी करार काढून वाचा. दुरुस्तीचं कलम असतंच, बहुतेक वेळा दोन ओळींचं: किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, मोठी मालकाची. भिंतीतली लाईन किरकोळ नव्हे. कसोटी म्हणून केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा जवळ ठेवा. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण त्यातली वाटणी समजूतदार आहे. पाइप बदलणं, वायरिंग, भिंतींचा रंग आणि इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच, कड्या-कुलपं, गिझरची दुरुस्ती राहणाऱ्याकडे. आमच्या काकांना मी ही वाटणी पाठवली तेव्हा त्यांनी गिझरची ओळ अधोरेखित करून परत पाठवली. बरोबरच होतं, कॉइल मी बदलली.

तुमचा करार नोंदवलेलाच नसेल तर ती मालकांची अडचण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे भांडणात पहिल्या दिवशी काढायचं हत्यार नव्हे, पण आपल्याकडे आहे हे माहीत असावं.

नोटीस द्यायचीच झाली तर वकिलाआधी स्वतःचं साधं पत्र द्या: ओल कुठे, कधीपासून, आधी काय काय केलं, आता नेमकं काय करायचं आहे, किती खर्च, किती दिवसांत. फोटो जोडा. जुन्या रजिस्टर एडीची जागा आता स्पीड पोस्टने घेतली आहे, पोचल्याचा पुरावा मिळेल अशा पद्धतीने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. छत पडण्याची किंवा शॉक बसण्याची भीती असेल तर ते पत्रात स्वच्छ लिहा. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, परवान्याने जागा देणाऱ्याने आपल्याला माहीत असलेला धोकादायक दोष राहणाऱ्याला सांगितलाच पाहिजे अशी तरतूद आहे. तुमच्या पत्रानंतर "मला कल्पनाच नव्हती" म्हणण्याची सोय उरत नाही.

आणि तरीही काहीच झालं नाही तर घर सोडा. हे मी हसत लिहीत नाही. ११ महिन्यांच्या करारात कोर्टात जाऊन ओल थांबवण्यापेक्षा महिन्याची नोटीस देऊन दुसरं घर बघणं स्वस्त पडतं, विशेषतः घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर. फक्त लॉक-इनचा, म्हणजे करारात घर सोडता येत नाही असा ठरलेला कालावधी संपलाय का ते बघा, आणि निघताना पूर्ण घराचा व्हिडिओ काढा, शक्यतो मालक किंवा त्यांचा माणूस सोबत असताना. ओलीने गेलेला रंग तुमच्या डिपॉझिटमधून कापला जाऊ नये म्हणून.

खर्च आणि शेवटचा रंगारी

आमच्या बाजूची लाईन, दोन टाइल्स आणि मजुरी मिळून ७,८०० रुपये झाले. मी आधी दिले, काकांच्या लेखी होकारानंतर, आणि पुढच्या महिन्याच्या भाड्यात वळते केले. वरच्या ट्रॅपचे काकूंनी दिले.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी छत तपासून घाबरू नका. वरच्या खड्ड्यातल्या विटांच्या तुकड्यांनी महिनोन्‌महिने पाणी प्यायलेलं असतं, ते हळूहळू उतरतं. आमच्याकडे दहा दिवस थेंब येतच होते आणि माझा प्लंबरवरचा विश्वास उडत चालला होता. मग रेघा आत सरकायला लागल्या.

काकांनी मात्र उत्साहाने तिसऱ्याच दिवशी रंगारी पाठवला. तोच, ऑगस्टमधला. त्याने पत्रा काढला, मी चहा ठेवला आणि फॉइल लावलेली भिंत दाखवली: फॉइलच्या मागे पाण्याचे बारीक मणी होते. "हे कोरडं झालं की मी फोन करते." नव्या गिलाव्याला रंगाआधी चारेक आठवडे सुकू द्यायचं असतं हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणाला, "आम्हाला कोण थांबू देतंय ताई."

तो पाच आठवड्यांनी परत आला. तोवर फॉइलची मागची बाजू सलग चार दिवस कोरडी होती. त्याने लोणा ब्रशने कोरडाच झाडला, पाणी लावलं नाही, कारण पाण्याने क्षार पुन्हा आत जातात. मग तो छताकडे वळला आणि पेन्सिलीच्या रेघा, तारखा बघत शिडीवर जरा थांबला. मी म्हटलं, खरवडू नका एवढ्यात, फोटो काढू दे. डिपॉझिट परत घेताना लागतील.